करड्या घोडीवरची जागा

ऑल्डविक, ११ नोव्हेंबर १९३४

प्रिय लेटी,

तुझी घोडी रंगवून झाली. तू अजून अर्धीच आहेस.

चेहरा गेल्या फेब्रुवारीतल्या रेखाटनावरून उतरवलाय. टॅरंटबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला, तर हातातलं फडकं खांद्यावर टाकून त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हो, हीच. आत्ता काहीतरी मनाला लागेल असं बोलणार आणि वर चहा मागणार." त्यामुळे चेहरा जमला असं मी धरून चाललेय. पण मानेखाली तू म्हणजे नुसता तपकिरी डाग आहेस, कारण तुझे कपडे माझ्याकडे नाहीत. बाकी सगळ्यांनी पाठवले. जिन्याच्या कठड्यावर लाल कोट ओळीने लटकलेत, खाली बूट उभे आहेत. एखादी पलटण आंघोळीला गेली आणि परत आलीच नाही, असं घर दिसतंय.

त्या कोटांत शिरून बाबांच्या स्टुडिओतल्या लाकडी घोड्यावर बसायचं काम अर्थात टॅरंटबाईंचं. काल कर्नल स्टॅव्हर्टनचा कोट होता. मी बाहीच्या सुरकुत्या काढत होते आणि त्या वर बसून वाटाणे सोलत होत्या. "हा माणूस सगळा पुढेच आहे हो," म्हणाल्या, "मागे कोटात कुणीच राहत नाही." एक बटण तुटलं. लपवलंय.

तेव्हा मागणं एवढंच: तुझा स्वारीचा काळा पोशाख आणि हॅट रेल्वेने पाठव. रंगवून झाल्यावर इस्त्री करून परत करीन.

तू स्टेशनवर म्हणाली होतीस, "जा, त्यांचे बूट रंगवत बस." बसलेय. पण हे चित्र तू जायच्या आधीच ठरलेलं होतं. वीस मोसम शिकारमंडळाचा प्रमुख, मास्टर, राहून कर्नल आता पद सोडतायत. मंडळातल्या सगळ्यांनी मिळून त्यांना हे चित्र द्यायचं, आणि मार्चमधल्या नृत्यसमारंभाला ते धान्यबाजाराच्या सभागृहात टांगायचं. गेल्या मोसमात जो जो घोड्यावर बसला तो तो चित्रात. खाली नेहमीसारखा तक्ता असेल, आकृत्यांच्या नुसत्या कडा, प्रत्येकीत आकडा आणि पुढे नाव. कर्नल एक, सचिव विल्मॉट चार. तू सतरा. ओकच्या झाडाखाली, डावीकडे, तुझ्या करड्या थिंबलवर.

तू गेल्या मोसमात होतीस. चित्र गेल्या मोसमाचं आहे. इतकं साधं आहे.

"इतकं साधं आहे" असं मी लिहिलं की मला स्वतःचाच संशय येतो, हे तुला माहीत आहे. तरी खोडत नाही.

आज चर्चमध्ये युद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. आपल्या बाकावर मी एकटीच होते. पुढच्या बाकावरच्या मिसेस विल्मॉट वळून हसल्या, आणि मग हसणं बरोबर की चूक हे न ठरल्यामुळे त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात तोंड घातलं.

पोशाख पाठव.

तुझी,
हेस्टर

&nbsp;

ऑल्डविक, ४ डिसेंबर

प्रिय लेटी,

पार्सल आलं नाही. विल्मॉट आले.

आधी त्यांनी सगळ्या घोड्यांचं कौतुक केलं. मग स्वतःच्या घोड्याची मान थोडी लांब करता येईल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, येईल, पण मग त्याला जिराफाच्या नावाने तक्त्यात घालावं लागेल. हसले. टोपी हातात फिरवू लागले. तेव्हाच मला कळलं की मान हे निमित्त आहे.

"मिस टेबट, तो डावीकडचा कोपरा," ते म्हणाले. "कमिटीला तो जरा... गजबजलेला वाटतो."

"तिथे एकच घोडी आहे."

"हो. तीच."

"आणि तिच्यावर माझी बहीण आहे."

"तुम्ही स्वतःच ते बोललात, बरं झालं. मला अवघडल्यासारखं होत होतं." त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "हे बघा, तिच्यावर कुणाचा राग नाही. पण घोडे आणि कुत्रे मैलोन्‌मैल पळून कोल्हा मारतात तो खेळ. बंदुकीने मारला तर तो खून. ज्या माणसाला आपण निरोप देतोय, त्याच्याच रानातली कोल्हीण तिने मारली. त्याच्या भेटीच्या चित्रात तिला कशी ठेवणार? तुम्हीच सांगा."

"लेटीच्या खुराड्यामागे कोल्हीण तारेच्या फासात अडकली होती. पायाचं हाड उघडं पडलं होतं."

"मग पुरून टाकायची! असं कुणाच्या हातून होत नाही का? रविवारी, चर्चच्या फाटकात, सगळ्यांसमोर, 'कर्नल, तुमची कोल्हीण मी मारली, फास कुणाचा ते तुम्ही शोधा,' हे काय बोलणं झालं? माझी बायको तीन दिवस आजारी होती."

मी विचारलं, तिच्या जागी काय हवंय. कमिटीने त्यावर खरोखर विचार केला होता, लेटी. गॉर्सचं काटेरी झुडूप. फुलांसकट, म्हणजे पिवळ्या रंगाने कोपरा उजळेल.

मी म्हटलं, तेलरंगाचा थर बऱ्याच वर्षांनी विरळ होतो, खालचं दिसू लागतं. बाबांच्या जुन्या चित्रांत रंगवून झाकलेले पाय वर आलेत, घोडे पाच पायांचे दिसतात. लेटीला झुडपाने झाकलं तर ती एक दिवस फांद्यांतून बाहेर बघायला लागेल.

"केव्हा?"

"पन्नास-साठ वर्षांनी."

"मग काही हरकत नाही," ते म्हणाले. "तेव्हा मी नसेन."

टॅरंटबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तो तसाच घेऊन परत गेल्या. मीही बोलावलं नाही.

मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं ते मात्र चित्राचं. म्हटलं, सगळा प्रकाश थिंबलच्या करड्या-पांढऱ्या अंगावर पडलाय, लाल कोट तिच्यामुळे लाल दिसतात, ती काढली तर चित्र उजवीकडे कलंडेल. हे सगळं खरं आहे. पण त्यांना दारापर्यंत पोचवून आले आणि डायरी उघडली, तेव्हा लिहिता येईना. कॉलेजात तीन वर्षं इतिहास शिकले. प्रत्येक साक्षीदाराला आधी विचारायचं, यात तुझा फायदा काय, हे तिथे अंगात मुरलं. तोच प्रश्न मला पडला. मी बहिणीला वाचवतेय, की पांढऱ्या रंगाच्या एका चांगल्या ठिपक्याला?

उत्तर आलं की कळवीन. तोवर पोशाख पाठव.

हेस्टर

&nbsp;

ऑल्डविक, १७ डिसेंबर

प्रिय लेटी,

तुझं कार्ड मिळालं. समोर क्रोमरच्या समुद्रातला धक्का, मागे तीन ओळी. नऊ महिन्यांत तुझ्याकडून आलेलं पहिलं अक्षर, आणि ते असं:

"झुडूप कर. झुडपाला कुणाला नमस्कार करावा लागत नाही. कोंबड्या बऱ्या आहेत. ले."

टॅरंटबाईंनी ते चुलीवरच्या फळीवर उभं करून ठेवलंय. म्हणतात, "निदान कोंबड्यांची खुशाली तरी कळवली. माणसं विसरतात."

दोन दिवस मी चित्राकडे पाठ करून कुत्र्यांवर काम केलं. कुत्रे सोपे नाहीत. प्रत्येकाला नाव आहे, आणि आपला कुत्रा दुसऱ्याच्या कुत्र्यासारखा दिसला तर लोक स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा जास्त चिडतात. त्या दोन दिवसांत मी स्वतःशी बरंच भांडले. ते तुला सांगते, कारण दुसरं कुणी ऐकून घेणार नाही.

ते तुला न विचारता काढतायत. मी तुला न विचारता ठेवतेय. दोन्हींत फरक काय? तू तर स्पष्ट म्हणालीस, मला चालेल. जिला चित्रात राहायचं नाही तिला तिथे बसवून ठेवायचं आणि त्याला बहिणीची माया म्हणायचं, हे कर्नलसाहेबांच्या जबरदस्तीच्या पाहुणचारासारखंच झालं. दार बंद करून जेवायला वाढायचं.

मग वाटलं, तू खरोखर "चालेल" म्हणत्येस का? लहानपणी तुझी बाहुली विहिरीत पडली तेव्हाही तू म्हणाली होतीस, तिला पोहायचंच होतं.

पण हा माझा अंदाज झाला. अंदाजावर मी तुझ्या वतीने काही ठरवू नये. म्हणून मी असं ठरवलंय, आणि यात बदल होणार नाही:

चेहरा मी ठेवणार. गेल्या फेब्रुवारीत, गोठलेल्या सकाळी, त्या ओकखाली मी तो पाहिला. तू नाक पुसत होतीस आणि थिंबल एका जागी उभी राहत नव्हती. पाहिलं ते पाहिलं नाही असं मी रंगवणार नाही. ते माझं आहे, त्याला तुझी परवानगी लागत नाही.

मानेखालचं तुझं आहे. तू काही पाठवेपर्यंत मी तिथे ब्रश लावणार नाही. दुसऱ्या बाईचा पोशाख टॅरंटबाईंना घालून तुझं अंग तयार करणार नाही. तपकिरी डाग राहिला तर राहू दे. लोकांना विचारू दे हा काय प्रकार आहे.

नाताळचं पुडिंग वेगळं पाठवत्येय. ते तरी परत पाठवू नकोस, रस्त्यात उंदीर खातील.

हेस्टर

&nbsp;

ऑल्डविक, ९ जानेवारी १९३५

प्रिय लेटी,

पुडिंग परत आलं नाही, म्हणजे एक तर तू खाल्लंस किंवा कोंबड्यांनी.

विल्मॉट पुन्हा आले होते. या वेळी ते खूश होते. त्यांच्याकडे तोड होती. मला वाटतं पूर्ण वाटभर ती तोंडात घोळवत आले असावेत.

"तुमचं म्हणणं मी कमिटीपुढे ठेवलं, शब्दन्‌शब्द," ते म्हणाले. "प्रकाश, लाल कोट, कलंडणं, सगळं. कमिटी म्हणते, कलावंताचं म्हणणं मानायला हवं. घोडी राहू द्या. झाड राहू द्या. स्त्रीसुद्धा राहू द्या."

"मग?"

"फक्त ती मिस सिबिल असावी. कर्नलची पुतणी. ती दोनदा आली होती शिकारीला, तेव्हा खोटंही नाही. कोपरा जशाचा तसा. तुमचं काही बिघडत नाही, आमचं काही बिघडत नाही. तक्त्यात सतराच्या पुढे एक नाव बदलायचं, बस्स."

आणि त्यांनी सिबिलचा फोटो टेबलावर ठेवला.

लेटी, माझा युक्तिवाद त्यांनी पूर्णपणे मान्य केला होता. मी म्हटलं होतं, घोडी हवी. घोडी दिली. गेल्या महिन्यात मी स्वतःला जो प्रश्न विचारला होता तोच हा माणूस नकळत माझ्यासमोर ठेवून बसला होता. वर बिस्किटं खात होता.

मी म्हटलं, विचार करून कळवते. ते गेल्यावर मी प्रामाणिकपणे करून पाहिलं. कागदावर सिबिलचा चेहरा काढला, कापला, आणि तुझ्या चेहऱ्यावर टाचणीने लावला. दाराशी जाऊन उभी राहिले. मनात म्हणत होते, चित्र बिघडू दे.

बिघडलं नाही. खरं सांगायचं तर बरं दिसलं. तिचं नाक तुझ्यापेक्षा सरळ आहे आणि ती समोर बघते. तू नेहमीसारखी कुठेतरी तिसरीकडेच बघतेस. ठिपक्याचं रक्षण करायचं असतं तर मी त्याच क्षणी हो म्हणायला हवं होतं.

टॅरंटबाई मागून आल्या. "ही कोण?"

"सिबिल स्टॅव्हर्टन."

"हिला थिंबलने पहिल्याच कुंपणाला खाली टाकलं असतं," त्या म्हणाल्या आणि कोळसा घालून गेल्या.

मी टाचणी काढली. मला उत्तर मिळालं होतं आणि ते मला आवडलं, हे कबूल करते. इतके दिवस कारण चित्राचं सांगत होते, ते आता सांगता येणार नाही. दुपारीच विल्मॉटना लिहिलं: ती माझी बहीण आहे, ती तिथे होती, ती तिथेच राहील. तीन वाक्यं. पहिल्यांदाच माझ्या पत्राला खाडाखोड नाही.

शिकारमंडळातल्या घरांतून आता मला काम येणार नाही हे उघड आहे. काळजी करू नकोस. बियाण्यांचे व्यापारी गॅस्किन यांना त्यांच्या बैलाचं चित्र हवंय. बैलाला मान लांब नको असते.

हेस्टर

&nbsp;

ऑल्डविक, १२ फेब्रुवारी

प्रिय लेटी,

कर्नल स्वतः आले. सकाळी, न कळवता. बरोबर कुत्रा नाही, विल्मॉट नाही.

तुला ठाऊक आहे, मला तो माणूस कधी आवडला नाही आणि त्याची भीती मात्र नेहमी वाटली. तो चित्रासमोर काठीवर दोन्ही हात ठेवून इतका वेळ उभा राहिला की मी बसायला सांगायचंही विसरले. एकेक चेहरा बघत सरकत तुझ्यापाशी आला आणि थांबला.

"हिला अंग का नाही?"

"तिने कपडे पाठवले नाहीत."

"हं." मग म्हणाला, "तुझ्या वडिलांनी माझा पहिला घोडा काढला. त्याच्या गुडघ्यावर पडल्याची खूण होती. मी म्हटलं, काढून टाका. त्यांनी काढून टाकली. एका शब्दाने बोलले नाहीत. सज्जन माणूस."

"खूण होती ना पण?"

"होती म्हणून तर काढायला सांगितली!" तो माझ्याकडे वळला. "हेस्टर, मी मूर्ख आहे असं तुला वाटतं का? या चित्रातले निम्मे लोक कोल्हे मारतात. स्वतः नाही, रखवालदाराकडून. बंदुकीने मारायला तीतर जपायचे असतात ना. फास लावतात, विष घालतात, पुरून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी लाल कोट घालून मला म्हणतात, 'मास्टर, यंदा कोल्हे कमी दिसतात.' मला माहीत असतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत असतं. वीस मोसम मी मास्टर राहिलो तो काय कुत्र्यांच्या जोरावर? कुठे बघायचं नाही हे मला कळत होतं म्हणून."

"लेटीच्या खुराड्यामागचा तो फास कुणाचा होता?"

"विल्मॉटचा."

असा बोलला, जसं काही हवा कशी आहे ते सांगतोय.

"मग विल्मॉटना झुडूप करू का?" मी म्हटलं.

तो हसला. चाळीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. दातांत फटी आहेत. मग लगेच हसणं थांबलं.

"तुझ्या बहिणीने कोल्हीण मारली याचं मला काही नाही," तो म्हणाला. "मीही मारली असती, त्या अवस्थेत. पण तिने मला तोंडावर सांगितलं. सगळ्यांसमोर. मला ऐकू येतं हे लोकांनी पाहिलं, आता माहीत नसल्याचं सोंग चालेना. त्या दिवसापासून मला मास्टर राहता येईना. पाय दुखतात म्हणून पद सोडतोय असं तुला वाटलं?"

हे मला माहीत नव्हतं, लेटी. तुलाही नसावं. त्याचं वाईट वाटावं का ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायला बसले की मला त्या प्राण्याचा पाय आठवतो.

"म्हणून ती चित्रात नको," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी सगळे आधी तिच्याकडे बघतील आणि मग माझ्याकडे. मला निरोप हवाय. तपासणी नको."

मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. आवाज थोडा वर गेलाच. "कर्नलसाहेब, तुम्ही जे वीस वर्षं पाहिलं नाही ते माझ्या हाताने पुसून घ्यायला आलात. बाबांनी पुसलं असतं. मी नाही पुसणार. ती राहील, नाही तर चित्र इथेच राहील."

"हे शेवटचं?"

"शेवटचं."

"बरं." रागावला नाही. मला वाटतं त्याला हेच अपेक्षित होतं, किंवा कुणीतरी त्याला नाही म्हणावं याची सवय गेली होती आणि ते कसं वाटतं हे तो बघत होता. "मग माझा कोट दे."

टॅरंटबाईंनी कोट आणला. त्याने तिथेच घालून पाहिला, बटणं लावली, आणि खाली बघितलं. "हा सैल कसा झाला?"

"एक बटण तुटलं होतं, साहेब," टॅरंटबाई म्हणाल्या. "शिवताना सगळीच जरा पुढे घेतली. श्वास घेता येईल आता."

दारात तो थांबला. "घोडीचे कान छान जमलेत. ती अशीच असायची, दुसऱ्याचं न ऐकणारी." घोडीबद्दल बोलत होता असं मी धरते.

तर चित्र आता कुणाचंच नाही. माझं आहे. आज दिवसभर सगळ्यांचे बूट आणि कोट बांधून परत पाठवले. जिना पुन्हा जिना झाला. आणि स्टुडिओत एवढा मोठा कॅनव्हास भरून माणसं उभी आहेत, ज्यांना स्वतःला बघायचं नाही.

मी खचलेले नाही. हे लिहिताना तपासून पाहिलं. खरंच नाही. फक्त तू अजून अर्धीच आहेस, आणि ते पुरं करायला मी कुणाला सांगू शकत नाही, तुझ्याशिवाय.

हेस्टर

&nbsp;

ऑल्डविक, ३ मार्च

प्रिय लेटी,

पार्सल बुधवारी आलं. चिठ्ठी नव्हती, मी कागद उलटासुलटा करून पाहिला.

मी काळा पोशाख मागितला होता. तू तुझा कोंबड्यांच्या कामाचा एप्रन पाठवलास. मेणकापडाचा, एका खिशाला ठिगळ, दुसऱ्या खिशात मक्याचे दाणे. आणि ती पुरुषी फेल्ट हॅट, जिची कड कुणीतरी, बहुधा कोंबडीनेच, टोचून खाल्लीय.

मी तो मांडीवर घेऊन बसले होते. टॅरंटबाई म्हणाल्या, "बघत काय बसलात? घालते ना मी." आणि आपणहून लाकडी घोड्यावर चढल्या. वर बसून नाक मुरडलं. "समुद्राचा वास येतो. आणि कोंबड्यांचा. कर्नलच्या कोटापेक्षा बरा." मग पाठ ताठ केली, हनुवटी वर केली आणि दूर तिसरीकडेच बघू लागल्या. मी काही सांगितलं नव्हतं.

चार दिवसांत तू पुरी झालीस. एकोणीस लाल-काळ्या कोटांच्या घोळक्यात, सगळ्या उंच हॅटांच्या मध्ये, ओकखाली, ठिगळाच्या एप्रनमध्ये, थिंबलवर. मेणकापडावर हिवाळ्याचा प्रकाश कसा पडतो हे मला आधी माहीत नव्हतं. रेशमापेक्षा थंड आणि स्वच्छ. आता आधी त्याच्याकडेच नजर जाते. हे खरं नाही, कारण त्या सकाळी तू एप्रन घातला नव्हतास, हेही मी स्वतःला विचारलं. चेहऱ्याची साक्ष माझी, कपड्यांची तुझी, असं आपलं ठरलं होतं. तू साक्ष दिलीस. ती मी बदलणार नाही.

आता ऐक. गॅस्किनना मी बैल दाखवायला गेले होते, आणि बोलता बोलता हे सगळं सांगितलं. त्यांनी बैलाकडे बघतच विचारलं, "केवढं आहे हो चित्र?" मी हात पसरून दाखवले. "माझ्या दुकानाची काच त्यापेक्षा मोठी आहे," ते म्हणाले. "आणि सभागृहाच्या दाराच्या अगदी समोर. बटाट्याचं बियाणं मागे सरकवतो. गेल्या वर्षी कोल्ह्यांनी माझी दहा बदकं नेली, मंडळासाठी मी गप्प बसलो. आता मी कशाला गप्प बसू?"

तेव्हा शुक्रवारी समारंभाला येणारी प्रत्येक गाडी त्या काचेसमोर थांबेल. आतून दिवा लावायचं गॅस्किन म्हणतात. मी जाऊन दुकानात उभी राहणार आहे, चित्राशेजारी, माझ्या चांगल्या निळ्या कोटात. कुणी आत येऊन विचारलं तर सांगीन, हे मी काढलं. भीती वाटते. पण उभी राहीन.

तक्ताही खाली लावतेय. स्वच्छ अक्षरात, सगळे, कुणालाही न गाळता. एक, कर्नल स्टॅव्हर्टन. चार, मिस्टर विल्मॉट. सतरा, मिस लेटिस टेबट. नावापुढे मला काहीतरी लिहायचं होतं, तीन मजकूर करून पाहिले. सगळे फाडले. नुसतं नाव पुरे आहे.

मेल्टन स्टेशनला दुपारची गाडी येते, तुला माहीतच आहे. ये म्हणून मी आग्रह करत नाही, तुझ्या पायांवर माझा हक्क नाही.

पण सगळ्यांचे कपडे मी इस्त्री करून परत पाठवले, तुझा एप्रन पाठवणार नाही. तो लाकडी घोड्यावर टाकून ठेवलाय, दाणे खिशात तसेच आहेत. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

तुझी,
हेस्टर